यंत्राचं कपाळ

कार्ला फाट्यावर कंपनीच्या बसनं कचकन ब्रेक मारला आणि पुढं बसलेल्या सगळ्यांच्या माना एकदम पुढं जाऊन एकदम मागं आल्या. झालं काहीच नव्हतं. उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या बाईचं कुत्रं आडवं आलं होतं आणि शेपूट सांभाळत पलीकडं पोचलंही होतं. ड्रायव्हरनं ठेवणीतली एक शिवी हासडली, तिकीट खिडकीवरच्या पोरी खिदळल्या आणि बस पुन्हा चालू लागली. राजेंद्रचा उजवा पाय मात्र खालच्या पत्र्यावर इतक्या जोरानं दाबला गेला होता की पोटरीत गोळा आला. वास्तविक ब्रेक मारणं हे काही त्याचं काम नव्हतं. पण त्याला त्या माना दिसल्या होत्या. एका रांगेत, एका दमात पुढं गेलेल्या आणि एका दमात मागं आलेल्या माना. आणि बस थांबायची जागाही नेमकी तीच होती, जिथं गेली सहा वर्षं रोज सकाळी सात चाळीसला दस्तगीर चढायचा. हातात स्टीलचा डबा, खांद्यावर पंचा, आणि चढता चढता ड्रायव्हरला एक टोमणा. आता आठवडा झाला, बस इथं थांबत नव्हती. राजेंद्रच्या शेजारची खिडकीकडची जागा रिकामी होती. कुसगावपासून बस भरत आली तरी त्या जागेवर कोणी बसत नसे. कोणी ठरवलं नव्हतं, पण बसत नसे. एक नवा पोरगा परवा बसायला आला, तर मागून कोणीतरी त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो उभाच राहिला. राजेंद्रनं खिडकीबाहेर पाहिलं. भात कापणीला आलं होतं, काही खाचरांत कापून पेंढ्या पडल्याही होत्या. आज सोमवार होता. आज दुपारी तीन वाजता दस्तगीरला ऑफिसात बोलावलं होतं, आणि राजेंद्रलाही.

डोंगराच्या कुशीत पार्क होतं. त्याला बांधणाऱ्यांनी गडाचं सोंग दिलं होतं. मागं खराखुरा लोहगड आणि विसापूर उभे, आणि त्यांच्यापुढं हा फायबरचा गड, बुरुजांसकट, जंग्यांसकट, हत्तींना अडवायच्या खिळ्यांच्या दरवाजासकट. खिळे रबराचे, पोरांना लागू नयेत म्हणून. भिंती रंगवायला कोल्हापूरकडचे पेंटर आले होते. त्यांनी काळ्या दगडावर हिरवं शेवाळ असं झकास रंगवलं होतं की हात लावून बघावं. मग पावसाळा आला आणि मावळातलं खरं शेवाळ त्या भिंतींवर चढलं, तेही रंगवलेल्याच्या नेमक्या उलट बाजूला. मॅनेजरनं माणसं लावून खरं शेवाळ खरवडून काढायला लावलं, कारण फोटोत ते घाण दिसत होतं. या गडाचा जीव म्हणजे 'फत्तेतोफ'. चारचाकी डब्यांची वीस माणसांची गाडी एका लांबलचक नळकांड्यात उभी राहायची, नळकांडं बाहेरून पंचधातूच्या तोफेसारखं रंगवलेलं, आणि मग आत धूर, लाल उजेड, 'होशियार' अशी दमदार हाळी, आणि बार. गाडी अडीच सेकंदांत ऐंशीच्या वेगानं तोफेच्या तोंडातून बाहेर पडून समोरच्या उंचवट्यावर चढायची आणि पलीकडं कोसळायची. बार अर्थातच स्पीकरमधला. खरी गंमत अशी की गाडी उडते तेव्हा आवाज होतच नाही. साखळी नाही, दोर नाही, दाते नाहीत. रुळांच्या दोन्ही बाजूंना चुंबकाच्या मोटरी ओळीनं बसवलेल्या, त्या एकामागून एक जाग्या होतात आणि गाडीला पुढं ओढत नेतात. नुसती एक गुणगुण होते. पैसे मोजून आलेल्या माणसाला गुणगुण ऐकवून कसं चालेल, म्हणून तोफेचा आवाज वरून लावलेला. राजेंद्र या तोफेचा गोलंदाज होता. बाराबंदी, कमरेला शेला, डोक्याला तयार बांधून मिळणारी पगडी, आणि हातात पलित्यासारखी दिसणारी काठी. लोकांना वाटायचं तो काठी टेकवतो म्हणून तोफ उडते. खरं बटण त्याच्या डाव्या अंगठ्याखाली असायचं.

हे काम त्याला दस्तगीरनंच मिळवून दिलं होतं. नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात दोघं चौदा वर्षं एका शिफ्टला होते. तो कारखाना एका शुक्रवारी सुरू होता आणि सोमवारी नव्हता. त्यानंतरचे आठ महिने राजेंद्रला आठवायला आवडायचं नाही. सकाळी अंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून तो ओट्यावर बसायचा, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येकजण विचारायचा, आज सुट्टी का. शालन, त्याची बायको, त्याच्या पुढ्यात चहा ठेवायची तेव्हा कप जरासा हळू ठेवायची, आणि तो हळूपणा त्याला झोंबायचा. मग एक दिवस दस्तगीर आला आणि म्हणाला, चल, तोफ उडवायचीय. दस्तगीर त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, देखभालीचा मुख्य माणूस. त्याच्या घराण्यात म्हणे कोणीतरी खरा गोलंदाज होऊन गेला होता. यावरून तो राजेंद्रला कायम छेडायचा, की खानदान माझं आणि पगडी तुला, मला मेल्याला ग्रीसचा डबा. रोज सकाळी साडेआठला तो तोफेच्या नळकांड्यात शिरायचा, एकेक मोटर हातानं चाचपायचा, आणि शेवटी डोळे पुसायचा. डोळे म्हणजे रुळाकडेचे सेन्सर. मुठीएवढी डबी, तिला एक काच. गाडी समोरून गेली की काच ती बघते, आणि पुढच्या मोटरीला जागं करते. असे सात डोळे. एखाद्यानं गाडी बघितलीच नाही, तर पुढच्या मोटरी झोपून राहायच्या आणि गाडीचा जोर अर्ध्यातच संपायचा. "मशिनीला जीव नसतो राजा," तो सांगायचा, "पण डोळं असत्यात. ती सांभाळायची." काच तो मऊ कापडानं पुसायचा, पुसताना जीभ थोडी बाहेर काढायचा, आणि मग तीन रिकाम्या फेऱ्या सोडून कागदावर सात चौकोनांत सात खुणा करून खाली सही ठोकायचा. त्या सहीनंतर कुंपणाच्या आत कोणी जायचं नाही. कोणी गेलंच, तर पुन्हा पहिल्यापासून. हा नियम कंपनीचा होता, पण पाळायचा तो दस्तगीरच. सहीचा माणूस म्हणूनच त्याला सगळे ओळखत.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. कारखान्यातही व्हायची, तिथं तर दरवर्षी नारळ दस्तगीर फोडायचा, कारण त्याच्या एका घावात बरोबर दोन भकलं व्हायची आणि पाणी सांडायचं नाही. इथं पूजा सकाळी सव्वाआठला उरकून मग चाचणी व्हायची. या वर्षी मात्र मॅनेजर सार्थक सरांना पुण्याहून यायला उशीर झाला. नारळ त्यांच्या हातून फुटायचा होता, फोटो निघायचे होते. ते आले तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. चाचणी झाली होती, सही झाली होती, आणि सुट्टीची गर्दी दरवाज्याच्या रबरी खिळ्यांना टेकली होती. दस्तगीरनं किल्ली लावून कुंपण उघडून दिलं. पूजा झाल्यावर एक रिकामी फेरी सोडू का, असं त्यानं विचारलं, तर सार्थक सर घड्याळाकडं बघून हसले आणि म्हणाले, देवाचं काम झालंय भाई, आता कसली फेरी. पूजेचं तबक राजेंद्रच्या हातात होतं. कोंडाजी, त्याचे वडील, पोळ्याला बैलांना कुंकू लावायचे ते समईतल्या तेलात कालवून; तेलातलं कुंकू दिवसभर टिकतं, कोरडं दुपारपर्यंत झडून जातं. राजेंद्रनंही तसंच कालवलं. सगळे बाहेर फोटोत होते आणि तो तोफेच्या आत एकटा, वाकून, एकेका मोटरीला बोट लावत चालला होता. मोटरी म्हणजे नुसत्या राखाडी पाट्या. त्यांना तोंड नाही, पाठ नाही, कुठं लावायचं हेच कळत नव्हतं. शेवटी शेवटी कोंडाजींना दिसत नव्हतं, तरी अंधाऱ्या गोठ्यात ते बैलाच्या मानेवरून हात सरकवत न्यायचे आणि बोट बरोबर कपाळावर थांबायचं. बैलही तेवढा वेळ श्वास धरून उभा राहायचा. राजेंद्रला ते आठवलं आणि त्याला यंत्राचं कपाळ शोधावंसं वाटलं. चार नंबरचा डोळा उजव्या अंगाला होता, छातीच्या उंचीवर. डबी आणि खाली काच. त्या सगळ्या नळकांड्यात चेहरा म्हणावं असं तेवढंच होतं. त्यानं काचेच्या वर, डबीच्या मधोमध, भरगच्च बोट टेकवलं आणि डोळे मिटून हात जोडले. इतक्या मनापासून त्यानं कित्येक वर्षांत हात जोडले नव्हते. बाहेर नारळ फुटला, एका घावात नाही, तिसऱ्या घावात.

दुपारी सव्वा वाजता ते झालं. दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं ऊन, तोफेच्या आत भट्टी पेटल्यासारखं गरम. 'होशियार' झालं, धूर झाला, राजेंद्रनं काठी टेकवली आणि अंगठा दाबला. बार झाला. पण अंगठ्याला काहीतरी वेगळं कळलं. ती गुणगुण रोज चढत जायची, आज मध्येच खाली बसली. गाडी तोफेच्या तोंडातून बाहेर पडली, उंचवटा चढू लागली, चढता चढता मंदावली, आणि माथ्याच्या हातभर अलीकडं, आकाशाकडं तोंड करून, थांबली. ते थांबणं फार लांबलं असं त्याला वाटलं, असेल अर्ध्या सेकंदाचं. वीस डोकी आभाळात स्तब्ध. मग गाडी उलटी निघाली. बार होऊन गेलेला, धूर विरलेला, आणि तोफेत गोळा परत येत होता, काही आवाज न करता. रुळांखालचे ब्रेक वर आले, गाडी कचकन थांबली, वीस माना एकदम मागं गेल्या आणि पुढं आल्या. कोणाला काही झालं नाही. खरं सांगायचं तर लोकांना आवडलं. एकानं टाळ्या वाजवल्या, एका बाईनं पुन्हा एकदा असं करा म्हणून सांगितलं. पण रांगेतल्या कुणीतरी ते सगळं फोनवर घेतलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते चित्र मुंबई-पुण्यापर्यंत फिरून आलं, खाली लिहिलेलं की लोणावळ्यात मरता मरता वाचले. मग वरून फोन आले. कोणाला लागलं नव्हतं, पण कोणाचं तरी नाव हवं होतं.

माणसं उतरवायला सगळ्यात आधी राजेंद्र नळकांड्यात उतरला. पट्टे सोडवत, हात देत, तो चार नंबरपाशी आला आणि त्याला दिसलं. डबीच्या कपाळावरून एक लाल ओघळ खाली उतरला होता आणि काचेवर पसरून बसला होता. तेल उन्हानं पातळ होऊन सकाळपासून हळूहळू उतरत आलं असणार. समोरचा उजेड त्या लालीत अडकला होता. तो तिथं उभा राहिला. नंतर नऊ दिवस त्यानं स्वतःला हजारदा सांगितलं की मी काही ठरवलं नव्हतं. आणि ते खोटंही नव्हतं. त्याच्या हातानं बाराबंदीची बाही ओढून घेतली आणि काच पुसली, वर डबीही पुसली, एखाद्या पोराचं नाक पुसावं तशी. एवढंच. मग त्यानं पुढच्या बाईला हात दिला आणि म्हणाला, सावकाश उतरा ताई. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्या परदेशी कंपनीनं संगणकावरचे आकडे मागवले आणि दोन दिवसांत कळवलं की चार नंबरच्या डोळ्याला अकरा वाजल्यापासून कमी कमी दिसत गेलं, काचेवर घाण असावी. काच रोज सकाळी पुसायची असते. पुसली म्हणून कागदावर खूण होती. खुणेखाली सही होती. काच पुसलेली असती तर अकरा वाजता अंधारली कशी, असं सार्थक सरांनी विचारलं, आणि त्याच संध्याकाळी दस्तगीरला सांगण्यात आलं की चौकशी होईपर्यंत येऊ नका. न पुसता खूण करणारा माणूस, असं त्याच्याबद्दल कॅन्टीनमध्ये बोललं गेलं. राजेंद्र तिथंच बसला होता. त्यानं आमटीत भाकरी कुस्करली.

तसं तो सांगायला गेला नव्हता असं नाही. गुरुवारी सुट्टी टाकून तो कार्ल्यात दस्तगीरच्या घरी गेला होता. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. दस्तगीर ओसरीवर बसून शेजाऱ्याचा मिक्सर उघडत होता. त्याच्या बायकोनं, कमरजहाँभाभींनी, चहा आणला, कोमल कशी आहे म्हणून राजेंद्रच्या पोरीची चौकशी केली, आणि आत जाऊन उभ्या राहिल्या. त्या आत उभ्या आहेत हे पडद्याखालच्या पावलांवरून कळत होतं. दस्तगीर काही विचारत नव्हता. तो एकेक स्क्रू काढून ताटलीत ठेवत होता, आणि प्रत्येक स्क्रू ठेवल्यावर जरा थांबत होता. सोमवारी मला बोलावलंय, तुलाबी बोलावतील, एवढं तो एकदा म्हणाला आणि हातातला स्क्रू नुसता धरून बसला. तेवढा वेळ पुरेसा होता. माणसाला एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? राजेंद्रनं भाताचं बोलायला सुरुवात केली. यंदा इंद्रायणी चांगला आलाय, पण करपा पडलाय काही ठिकाणी. दस्तगीरनं स्क्रू ताटलीत ठेवला आणि म्हणाला, व्हय, करपा लय हाय यंदा. परतताना राजेंद्रला स्वतःचा राग आला, मग दस्तगीरचा आला. त्यानं विचारलं असतं तर सांगितलं असतं की. तो विचारत का नाही? इतका साधा माणूस असतो का कुठं? घरी शालननं विचारलं काय म्हणाले भाई, तर तो म्हणाला, काही नाही, मजेत आहेत. ती रात्रभर त्याच्याकडं पाठ करून झोपली. एरवीही ती तशीच झोपायची, पण त्याला वाटलं तिला कळलंय. सगळ्यांनाच कळलंय असं त्याला वाटू लागलं होतं. त्याला भीती कशाची होती हे तो नीट धरून बघू शकत नव्हता. ओट्यावरचे ते आठ महिने तर होतेच. पण त्याहून खाली आणखी काही होतं. सांगायचं म्हणजे मान्य करायचं की कोंडाजींचं तेल, कोंडाजींचं बोट, आणि आयुष्यात मनापासून जोडलेले ते हात, यांनीच हे केलं. देवाला दोष कसा द्यायचा, आणि स्वतःला द्यायचा तर भक्तीलाच द्यावा लागत होता. मग तो विचार सोडून द्यायचा आणि दस्तगीर एखादा दिवस काच पुसायला विसरलाही असेल, माणूसच आहे, असं घोकायचा. पहाटेपर्यंत ते त्याला जवळजवळ खरं वाटायचं.

आज तोफ पुन्हा सुरू झाली होती. सकाळची सही कोणा नव्या माणसानं केली. त्यानं काचा फडक्याच्या दोन फटक्यांत पुसल्या. राजेंद्र अंगठा दाबत राहिला. अकरा, साडेअकरा, बारा. गाडी प्रत्येक वेळी माथ्यापलीकडं गेली, आणि प्रत्येक वेळी तो माथ्यावरच्या त्या हातभर जागेकडं बघत राहिला. ती आता त्याला जागा वाटतच नव्हती, तिथं काहीतरी अडकून राहिल्यासारखं वाटत होतं. एका पोरानं त्याच्यासोबत फोटो काढला आणि मिशा खऱ्या आहेत का म्हणून विचारलं. पावणेतीनला त्यानं पगडी काढून बदलीच्या माणसाला दिली. बाराबंदी काढायला वेळ नव्हता, तसाच तो दरवाज्यावरच्या मजल्यावर ऑफिसात गेला. खोलीच्या भिंती आतून पांढऱ्या होत्या. बाहेरून दगड, आतून साधा प्लास्टरचा पत्रा. दस्तगीर आधीच येऊन बसला होता. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि भांग पाडला होता. राजेंद्रला ओटा आठवला. ऑफिसातल्या माधवी मॅडम लॅपटॉपवर लिहून घेत होत्या. सार्थक सरांनी अगदी मऊ आवाजात सुरुवात केली, आपण सगळे एक कुटुंब आहोत वगैरे. मग त्यांनी राजेंद्रकडं बघितलं.

"चाचणीनंतर, पूजा सोडून, आत कोणी गेलं होतं का?"

पूजा सोडून. त्या दोन शब्दांत केवढी जागा होती. एक माणूस आरामात लपेल एवढी. राजेंद्रनं सरांकडं पाहिलं आणि त्याला कळलं की सरांना पूजेविषयी काहीही ऐकायचं नाही, त्यांचा नारळ तिथं फुटलाय, रिकामी फेरी त्यांनीच नाकारलीय. आणि त्याला हेही कळलं की दस्तगीर त्याच्याकडं बघत नाहीये. तो टेबलाच्या कडेकडं बघत होता, जीभ जराशी बाहेर, काच पुसताना असायची तशी. नाही, असं राजेंद्र म्हणाला. आणि ते अक्षरशः खरं होतं. माधवी मॅडमनी ते लिहिलं. मग सरांनी दस्तगीरला विचारलं की काच त्या दिवशी पुसली होती का, नीट आठवून सांगा. दस्तगीरनं आठवायला वेळ घेतला नाही.

"न्हाई पुसली," तो म्हणाला. "इसरलो. खूण तशीच केली."

सरांनी श्वास सोडलेला ऐकू आला. मग बाकीचं सगळं भराभर झालं. कागद छापून आला, सही झाली, तीच ठसठशीत सही, आणि सर उठून दस्तगीरशी हात मिळवून म्हणाले की प्रामाणिकपणे सांगितलंत हे फार मोठं आहे. राजीनामा लिहून द्या म्हणजे काढून टाकलं असं कागदावर दिसणार नाही. दस्तगीरनं तोही लिहून दिला. राजेंद्र खुर्चीवर बसून हे पाहत होता. गेल्या वीस वर्षांत या माणसानं न केलेल्या कामाची खूण केलेली त्यानं पाहिली नव्हती. आणि आज त्यानं केलेलं काम केलं नाही म्हणून लिहून दिलं होतं.

बाहेर जिन्याखाली बाक होता. दस्तगीर तिथं बसला होता, बहुधा त्याचीच वाट बघत. राजेंद्र जाऊन शेजारी बसला. समोरून पोरांची सहल ओरडत तोफेकडं चालली होती. राजेंद्रनं विचारलं, भाई, असं का म्हणालात. दस्तगीर सांगू लागला, शांतपणे, मिक्सर कसा बिघडला हे सांगावं तसा. त्या दिवशी लोक उतरल्यावर त्याला तपासणीला आत पाठवलं होतं. चार नंबरच्या डबीची फट त्यानं कापसानं पुसली, तर कापूस लाल झाला. तिथंच त्याला सगळं कळलं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"मी काय बोलणार?" दस्तगीर म्हणाला. "दस्तगीरनं सांगायचं, कुंकवानं तोफ बिघाडली? दसऱ्याला? ते माझ्या तोंडातनं कसं दिसलं असतं, राजा? सरांनी त्येच लिवलं असतं, आन् गावात वेगळंच झालं असतं. माझा पोरगा, आवेज, हितंच शिकतोय. आमाला हितंच ऱ्हायचंय." त्यानं सहलीतल्या पोरांकडं पाहिलं. "ते तूच सांगू शकत हुतास. तुझ्या तोंडातनं ती नुसती चूक हुती. मी नऊ दिस वाट बगितली."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. तो उठला, शेजारच्याचा मिक्सर आज द्यायचा आहे म्हणाला, आणि रबरी खिळ्यांच्या दरवाज्यातून बाहेर गेला. रस्ता ओलांडताना त्यानं दोन्हीकडं नीट बघितलं. राजेंद्र बाकावरच बसला होता. त्याला वाटलं आता इथं सगळ्यांसमोर आपण ओरडणार. आपण किती लहान माणूस आहोत हे त्याला लख्ख दिसलं. नऊ दिवस तो स्वतःच्या भीतीला कुरवाळत बसला होता, आणि ज्याला खरी भीती होती तो ओसरीवर स्क्रू मोजत त्याच्यासाठी जागा करून देत होता. तो उठला आणि जिना चढू लागला, दोन दोन पायऱ्या एकदम, कमरेचा शेला सुटून मागं लोंबत होता तरी.

सार्थक सर फोनवर होते. त्यांनी खुणेनं थांब म्हटलं, पण तो थांबला नाही. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तेल, कुंकू, चार नंबर, बाही. माझी सही नाही, पण बोट माझं, असं तो म्हणाला. बोलता बोलता तो रडला, आणि रडताना त्याला बरं वाटत होतं. सरांनी फोन ठेवला. दार लोटून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं. मग ते पुन्हा त्याच मऊ आवाजात बोलले, की हे आता कशाला. दस्तगीरभाईंनी लिहून दिलंय, वर कळवून झालंय, परदेशी कंपनीनं फाइल बंद केलीय. पूजेचे फोटो पार्कच्या पानावर आहेत, हजारो लोकांनी पाहिलेत. हे बाहेर गेलं तर तुमच्या-माझ्यापुरतं राहील का, विचार करा. तुम्ही भावनेच्या भरात आहात. पाणी प्या. सरांनी स्वतः ग्लास भरून दिला.

"जा, खाली रांग लागलीय," ते म्हणाले. "आणि हे माझ्याकडं राहिलं."

राजेंद्र पाणी प्यायला. तो म्हणू शकला असता की मी खाली जात नाही. लिहून घ्या, नाहीतर मी बाहेर जाऊन सांगतो. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. त्यानं ग्लास टेबलावर ठेवला, बरं सर म्हणून मान हलवली आणि खाली आला. बदलीच्या माणसाकडून पगडी घेतली, शेला नीट खोचला, काठी हातात धरली. वीस माणसं पट्टे आवळून त्याच्याकडं बघत होती. 'होशियार' झालं. धूर झाला. त्यानं अंगठा दाबला, बार झाला, गुणगुण चढत गेली आणि गाडी माथा ओलांडून पलीकडं कोसळली. सगळं व्यवस्थित झालं. सगळं मिटलं होतं. सांगायचं ते त्यानं सांगितलं होतं, आणि ते कोणाला नको होतं, यात त्याचा काय दोष? हे मनात आलं आणि त्याला हायसं वाटलं. खांदे सैल झाले, श्वास पोटापर्यंत गेला. मग त्याला जाणवलं की नऊ दिवसांत पहिल्यांदाच आपल्याला कडकडून भूक लागलीय, आणि त्या भुकेची त्याला एवढी लाज वाटली की पुढची गाडी समोर येऊन उभी राहिली तरी तो मान वर करून कोणाकडं बघू शकला नाही.